उप म्हणजे जवळ

मुंबईत घर विकत घेतलेल्या माणसाला 'सह दुय्यम निबंधक' ही पाटी विसरता येत नाही. अंगठ्याचा ठसा, कॅमेऱ्यासमोर बसून काढलेला फोटो, ओळख पटवायला आणलेले दोन साक्षीदार आणि शेवटी हातात पडणारा, पानापानावर शिक्के उमटलेला करारनामा. जन्माची पुंजी आणि पुढच्या कैक वर्षांचे हप्ते ज्या कागदात अडकलेले असतात, त्या कागदाची नोंद करून त्याला कायद्याचं बळ देणारा अधिकारी म्हणजे हा दुय्यम निबंधक. 'दुय्यम' हा शब्द फारसीतून आला. अर्थ साधा, दुसरा. पण मराठीत रुळता रुळता त्याला कमीपणा चिकटला. दुय्यम वागणूक, दुय्यम दर्जा, दुय्यम स्थान. पदही त्याच शब्दानं सांगायचं आणि अवहेलनाही त्याच शब्दानं करायची, याचं मला फार वाईट वाटतं.

मी वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत वाढले. पदांच्या आधी लागणारे हे छोटे शब्द आम्हा मुलांच्या कानांवर आडनावांसारखे पडायचे. कुणाचे वडील उपअभियंता, कुणाचे अवर सचिव, कुणाची आई सहायक संचालक. माझे बाबा नायब तहसीलदार. मुख्य, प्रधान, महा असलं काही नावाआधी लागलेला माणूस आमच्या जिन्यात भेटायचा नाही. आणि तरी त्या जिन्यातून रोज सकाळी डबे घेऊन उतरणारी माणसंच या शहराचं बरंचसं कामकाज ओढायची. महापालिकेचं उदाहरण घ्या. आयुक्त एक. त्यांच्या खाली अतिरिक्त आयुक्त, सह आयुक्त, उपायुक्त. आणि वॉर्डात तुंबलेल्या नाल्यापासून पडायला आलेल्या झाडापर्यंत ज्यांचं दार ठोठवायचं ते सहायक आयुक्त, म्हणजे लोकांच्या तोंडचे वॉर्ड ऑफिसर. पोलिसांतही तसंच. सह आयुक्त, अपर आयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त, आणि चौकीत आपली तक्रार लिहून घेणारा उपनिरीक्षक, ज्याला जुनी माणसं अजून फौजदार म्हणतात.

या सगळ्या शब्दांचं मूळ शोधायला गेलं की मुंबईचा इतिहास पायात येतो.

आधी 'व्हाइस'. इंग्रजीत दुर्गुणालाही व्हाइसच म्हणतात, पण त्याचं कूळ वेगळं. पदाच्या आधीचा व्हाइस लॅटिनमधल्या 'विकिस' या शब्दापासून आला. विकिस म्हणजे पाळी, फेरा, बदल, जागा. त्याचं 'विके' हे रूप म्हणजे 'च्या जागी', 'च्या बदली'. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गिरणीच्या फाटकावर भल्या पहाटे उभा राहणारा, कायम कामगार आला नाही तरच आत घेतला जाणारा बदली कामगार तिथल्या प्रत्येक चाळीत होता. व्हाइस-प्रेसिडेंट म्हणजे शब्दशः प्रेसिडेंटचा बदली.

आपल्याला वाटतं, हा शब्द इंग्रजांनी आणला. तो त्यांच्या कितीतरी आधी आला होता. पोर्तुगीज राजाचा गोव्यातला प्रतिनिधी 'व्हिसे-रेय', म्हणजे राजाच्या जागचा. पहिला व्हिसे-रेय फ्रान्सिस्को द आल्मेदा १५०५ मध्ये इकडे आला. मराठ्यांच्या कागदपत्रांत हाच माणूस 'विजरई' होऊन भेटतो. गोव्याचा विजरई. किती सहज बसला आहे तो मराठी तोंडात! इंग्रजी अमदानीतला 'व्हाइसरॉय' आणि हा 'विजरई' एकाच घरचे. एक लॅटिनमधून फ्रेंचांच्या वाटेनं आला, दुसरा पोर्तुगीजांच्या.

आणि मुंबई इंग्रजांच्या हाती गेली ती अशाच जागच्या माणसांच्या झगड्यातून. १६६१ च्या तहानुसार पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, हे शाळेत सगळे शिकतो. पुढचं शिकवत नाहीत. गोव्याच्या विजरईला, आंतोनियो द मेलो ए कास्त्रोला, हे देणं मुळीच पटलं नव्हतं. बेट हातचं जाऊ नये म्हणून त्यानं लिस्बनला कळवळून लिहिलं आणि ताबा देण्यात होईल तितका उशीर केला. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन सैन्यासह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत अडकला. रोगराईनं त्याचे बहुतेक शिपाई दगावले आणि १६६४ मध्ये तोही गेला. जाताना आपला सचिव हम्फ्री कूक याला आपल्या जागी नेमून गेला. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला तो या कूकनं. देणारा एका राजाच्या जागचा, घेणारा दुसऱ्या राजाच्या माणसाच्याही जागचा. या शहराच्या दस्तावरची पहिली सहीच 'करिता' आहे.

पुढेही तेच. १६६८ मध्ये राजानं वर्षाला दहा पौंड भाड्यानं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कंपनीचं मुख्य ठाणं तेव्हा सुरतेला. तिथला प्रेसिडेंटच मुंबईचा गव्हर्नर, त्यामुळे मुंबईत राहून रोजचा कारभार बघायचा तो डेप्युटी गव्हर्नर. जेरल्ड आँजियरसारखा एखादा गव्हर्नर येऊन काही काळ राहिला आणि त्यानं शहराची घडी बसवली, हे खरं. पण १६८७ मध्ये कंपनीचं ठाणं सुरतेहून मुंबईला हलेपर्यंत हे बेट प्रामुख्यानं डेप्युटींच्या हातांखालीच वाढलं. डिसेंबर १६८३ मध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विननं बंड केलं तेव्हा त्यानं कैदेत टाकलं ते डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डलाच. पकडण्याजोगा सर्वांत मोठा माणूस इथे तोच होता.

आपण पाहुण्यांना हमखास दाखवतो त्या गेटवेचीही हीच कथा. २ डिसेंबर १९११ ला राजा पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला तेव्हा पुठ्ठ्याची नक्कल उभी होती. खरी दगडी कमान पुरी झाली ती १९२४ मध्ये, आणि ४ डिसेंबरला तिचं उद्घाटन केलं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं. राजासाठी बांधलेलं दार राजाच्या बदली माणसानं उघडलं. त्यातही गंमत अशी की 'व्हाइसरॉय' हे पद कुठल्याही कायद्यात नव्हतं. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात तेव्हाचा गव्हर्नर जनरल कॅनिंग याच्यासाठी तो शब्द आला आणि रूढ झाला. कायदा त्याला गव्हर्नर जनरल एवढंच म्हणायचा. हे पुढे उपमुख्यमंत्र्यांचा विषय निघेल तेव्हा लक्षात असू द्या.

आता नायब. हा अरबी शब्द. नायब म्हणजे जो दुसऱ्याच्या वतीनं काम बघतो. याच शब्दाचं अनेकवचन मानासाठी एका माणसाला लावलं गेलं आणि त्यातून 'नवाब' झाला. म्हणजे ज्याच्या ऐटीच्या गोष्टी सांगितल्या जातात तो नवाबही मुळात बादशहाचा नायबच! मराठेशाहीत त्याच कामाला मुतालिक होता. प्रधान मोहिमेवर गेले की त्यांच्या दफ्तराचा कारभार मुतालिक बघायचा. आणि सर्वांत सुंदर शब्द प्रतिनिधी. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना त्यांनी हे पद प्रल्हाद निराजींसाठी निर्माण केलं, आणि त्याचा मान अष्टप्रधानांच्याही वर ठेवला. औंधकरांचं पंतप्रतिनिधी हे नाव त्याच पदावरून आलं. राजा दूर असताना राज्य सांभाळणाऱ्याला दुय्यम म्हणायचं त्या काळात कुणाच्या मनात आलं नाही.

बाबांच्या कचेरीत मात्र लोक 'नायबसाहेब' म्हणायचे आणि तहसीलदारांना 'रावसाहेब'. त्यातलं अंतर लहानपणी मलाही कळायचं. बाबांच्या सहीखाली एक ओळ असायची: 'तहसीलदार करिता'. सरकारी पत्रव्यवहार पाहिलेल्यांना ही ओळ नवी नाही. जिल्हाधिकारी करिता, कार्यकारी अभियंता करिता. सही एकाची, नाव पदाचं, आणि मध्ये हा 'करिता'. लॅटिनमधल्या त्या 'विके'ला याहून नेमकं मराठी मला सापडलेलं नाही. मंत्रालयात तर ही साखळी वरपर्यंत जाते. शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं लिहिलेलं असतं, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो. आणि त्या ओळीखाली सही असते एखाद्या उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कार्यासन अधिकाऱ्याची.

बाबांचं एक काम आम्हाला फार उशिरा कळलं. नायब तहसीलदाराला कार्यकारी दंडाधिकारी म्हणूनही बोलावणं येतं. रात्री-अपरात्री हवालदार दारात उभा राहायचा. आई काही न बोलता स्वयंपाकघरातला दिवा लावायची. बाबा शर्ट चढवून, खिशाला दोन पेनं अडकवून निघून जायचे. कुठे जातात हे कुणी सांगायचं नाही. जळालेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब घ्यायला ते इस्पितळात जात, हे मी कॉलेजात असताना एकदा बोलता बोलता निघालं, आणि मग हळूहळू त्यांनी थोडंफार सांगितलं.

आधी डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं, की बाई शुद्धीवर आहे आणि जबाब देऊ शकते. मग नातेवाइकांना बाहेर काढायचं. पोलिसांनाही बाहेर. नवरा, सासू, दीर कुणी कितीही गयावया केली तरी बाहेर. नाव विचारायचं, आपण कोण आहोत ते सांगायचं, मग एकेक प्रश्न. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवायचं, आपल्या कचेरीच्या भाषेत नाही. "ती 'रॉकेल' म्हणाली तर रॉकेलच लिहायचं, 'ज्वलनशील द्रव' नाही," बाबा म्हणाले होते. पुरं झालं की वाचून दाखवायचं, बरोबर आहे का विचारायचं. सही घ्यायची. हात भाजलेले असले तर पायाच्या अंगठ्याचा ठसा. आवाज इतका क्षीण असायचा की कान तिच्या तोंडाशी न्यावा लागायचा. वास दोन-दोन दिवस नाकातून जायचा नाही, म्हणून त्या दिवसांत ते जेवायला बसून उठायचे.

तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे, तो कागद न्यायालयात उभा राहतो. बाई राहिली नाही तरी. तो कागद नीट लिहिला गेला नाही तर खटला कोसळू शकतो. आणि तो लिहायला नेमलेला असतो नायब. बाबा तिथे कुणाच्या तरी जागी गेलेले असायचे, हे मला मान्य होत नाही. त्या खाटेपाशी त्यांच्या जागी दुसरं कुणी असूच शकलं नसतं.

हे सगळं मनात असताना मी 'उप'कडे वळले आणि मला फार मोठा आधार मिळाला.

संस्कृतात बावीस उपसर्ग मोजतात: प्र, परा, अप, सम् असं म्हणत म्हणत शेवटी अभि, प्रति, परि, उप. यादीत 'उप' शेवटचा, पण त्या सगळ्यांना मिळून जे नाव आहे, 'उपसर्ग', त्याच्या सुरुवातीला तोच बसलेला. त्याचा मूळ अर्थ जवळ. उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणं. उपासना म्हणजे जवळ बसणं. उपवास म्हणजे खरं तर देवाजवळ राहणं. साबुदाण्याची खिचडी नंतर आली. उपस्थित, उपदेश, उपचार, उपकार, सगळीकडे कुणीतरी कुणाच्या तरी जवळ येतं आहे. उपनदी, उपकथानक, उपपुराण यांत लहानपणाची छटा आहे हे नाकारत नाही, पण तीही कुणाला तरी जाऊन मिळण्याची, कुणाच्या तरी बाजूला असण्याची आहे. मी राहते तो जिल्हाही 'उप'चाच. १९९० मध्ये मुंबईचे दोन जिल्हे झाले आणि अंधेरी, बोरिवली, कुर्ला या तीन तालुक्यांचा झाला मुंबई उपनगर. नगराजवळचं ते उपनगर. शहराला रोज उठून लोकलनं माणसं पुरवतं ते हेच.

पाणिनीनं तर कमालच केली आहे. अष्टाध्यायीत एक सूत्र आहे, 'उपोऽधिके च'. त्याआधीच्या सूत्रातला 'हीन' हा अर्थ इथे चालू राहतो, म्हणजे 'उप' हीन या अर्थानं येतो आणि अधिक या अर्थानंही. पाणिनीची सूत्रं उलगडून सांगणाऱ्या सिद्धांतकौमुदी या ग्रंथात दोन्हींची उदाहरणं दिली आहेत. 'उप हरिं सुराः', हरीपुढे देव उणे. आणि 'उप परार्धे हरेर्गुणाः', हरीचे गुण परार्ध या अफाट संख्येहूनही अधिक. एकच 'उप', खालीही दाखवतो आणि वरही. कुठल्या बाजूला घ्यायचा ते जवळच्या शब्दाच्या विभक्तीवर ठरतं. व्याकरणानं अडीच हजार वर्षांपूर्वी मोकळी ठेवलेली ही वाट आपण व्यवहारात बंद करून टाकली, आणि फक्त 'उणा' तेवढा ठेवला.

विष्णूचं एक नाव उपेंद्र आहे, हे अमरकोश म्हणणाऱ्यांना आठवेल. वामनावतारात तो अदितीच्या पोटी इंद्राच्या पाठीवर जन्मला, म्हणून उपेंद्र. इंद्राचा धाकटा. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापलं ते या धाकट्यानं, आणि परत इंद्राच्या हवाली केलं. आषाढीला आपण लाखोंनी चालत जातो ते या उपेंद्राकडे. इंद्राचं देऊळ कुणाला सहसा ठाऊक नसतं.

भाषेचे नातेसंबंधही सांगून ठेवते, कारण ते कळल्यावर मला मनापासून आनंद झाला होता. संस्कृत 'उप', ग्रीक 'हायपो' आणि लॅटिन 'सब' हे सख्खे चुलत. त्यामुळे 'सब-इन्स्पेक्टर'चा 'उपनिरीक्षक' करताना आपण परक्या शब्दाला आपला पर्याय दिला असं वाटतं, पण प्रत्यक्षात हजारो वर्षांपूर्वी पांगलेलं भावंड घरात घेतलं. 'सुपर' आणि 'उपरि' यांचंही तसंच.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं आणि त्यांनी पदनाम कोश केला. डेप्युटीला उप, जॉइंटला सह, अंडरला अवर, ॲडिशनलला अपर, असिस्टंटला सहायक. या मंडळींबद्दल मला अपार आदर आहे. शासन मराठीत चालवायचं तर आधी दारावरच्या पाट्या मराठीत हव्यात, हे त्यांनी ओळखलं. त्यातला 'अपर' लोकांनी 'अप्पर' करून टाकला, कारण कानाला इंग्रजीतला 'अप्पर' ओळखीचा. अप्पर जिल्हाधिकारी, अप्पर तहसीलदार असं सर्रास लिहितात. संस्कृतातला अपर म्हणजे आणखी एक, दुसरा. त्याला वरचा करून लोकांनी त्या अधिकाऱ्याला परस्पर बढतीच दिली!

एका ठिकाणी मराठीनं याहून पुढचं पाऊल टाकलं. विद्यापीठाच्या व्हाइस-चान्सलरला आपण उपकुलपती न म्हणता कुलगुरू म्हणतो. कुलपती राज्यपाल, पण विद्यापीठ ज्याच्या खांद्यावर असतं, त्याच्या नावात 'च्या जागी' कशाला? मुंबई विद्यापीठ १८५७ चं. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग तिथले पहिले भारतीय कुलगुरू झाले, त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पुढे पांडुरंग वामन काणे. यांना 'व्हाइस' म्हणणं कुणाच्या जिवावर येणार नाही? मराठीनं तो शब्द सरळ वगळला. म्हाडाच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय अधिकाऱ्याचं पद 'उपाध्यक्ष तथा मुख्य कार्यकारी अधिकारी' असं जोडून लिहावं लागतं, नाहीतर लोकांना तो दुसरा वाटेल.

राजकारणात 'उप'ची फरफट सर्वांत जास्त झाली. उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाही. महाराष्ट्रात १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात नासिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले, आणि तेव्हापासून हे पद बहुतेकदा आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाचा मान राखायला आलं. १९८९ मध्ये देवीलाल यांनी उपपंतप्रधान म्हणून शपथ घेतली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं सांगितलं, ते मंत्रीच आहेत, 'उपपंतप्रधान' हे केवळ वर्णन. २०२४ मध्ये उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकांविरुद्धची याचिकाही फेटाळली गेली. व्हाइसरॉयसारखंच हे कायद्यात नसलेलं पण सगळ्यांच्या तोंडी असलेलं पद. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'उपवरच समाधान मानावं लागलं' या वर्तमानपत्री वाक्याबद्दल. ते वाचलं की मला बाबा आठवतात आणि राग येतो.

कारण जी 'उप' पदं घटनेनं खरोखर निर्माण केली, तिथे तिनं त्यांना किती विश्वासानं वागवलं आहे ते बघा. राष्ट्रपतींना राजीनामा द्यायचा तर तो उपराष्ट्रपतींच्या नावे लिहून द्यायचा, अनुच्छेद ५६. लोकसभा अध्यक्षांना हटवण्याचा ठराव चर्चेला असेल तर त्या वेळी त्यांनी अध्यक्षस्थानी बसायचं नाही, ती जागा तेव्हा उपाध्यक्षांची, अनुच्छेद ९६. आणि अनुच्छेद ९३ म्हणतो, लोकसभेनं शक्य तितक्या लवकर दोघांना निवडावं, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष. असं असताना २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेला अखेरपर्यंत उपाध्यक्षच नव्हता. इकडे मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ महापौर, उपमहापौर दोन्ही दालनं बंद राहिली, कारभार प्रशासकांकडे. महापौर नाही याबद्दल निदान ओरड झाली. उपमहापौर नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अनुच्छेद ९४ मध्ये लिहिलेलं आहे की लोकसभा अध्यक्षांनी आपला राजीनामा उपाध्यक्षांकडे द्यायचा, आणि उपाध्यक्षांनी अध्यक्षांकडे. त्या पाच वर्षांत अध्यक्षांवर तशी वेळ आली असती, तर त्यांचं पत्र हातात घ्यायला घटनेनं नेमून दिलेला माणूस सभागृहात नव्हता.